‘फिक्स्ड’ कंत्राट, ‘इन्डेफिनिट’ नोकरी: एका स्पॅनिश एचआर विभागाच्या इंग्रजीचे प्रकरण

चाकण परिसरात गेस्टाम्प, ग्रुपो अँटोलिन, सीआयई या स्पॅनिश मुळाच्या कंपन्यांच्या पाट्या आता कुणाला नव्या वाटत नाहीत. हे प्रकरण त्यांपैकी कोणाचे नाही. ही त्यांच्याहून बरीच लहान, मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिचे मुख्यालय उत्तर स्पेनमध्ये आणि एक कारखाना चाकणजवळ आहे. स्पेनमधल्या एचआर विभागाला कामापुरते इंग्रजी पक्के करून हवे होते. पुण्यात राहणारा, स्पॅनिश येणारा आणि कारखान्यांत इंग्रजीचे वर्ग घेतलेला माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आले. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शब्दांचे घोळ मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

विभागातली माणसे इंग्रजीत कच्ची नव्हती. विभागप्रमुख बाई, पगार पाहणारे दोघे, भरती पाहणारी एक तरुणी, सगळ्यांकडे बी-टू पातळीची, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरची, प्रमाणपत्रे होती. फोनवर गप्पा मारायचे, विमानतळावर पाहुण्याला घ्यायला जायचे, सादरीकरण करायचे, हे सगळे त्यांना जमायचे. नोकरीविषयक शब्दांचा एक कोर्सही त्यांनी तिथल्या भाषा-संस्थेत केला होता. त्यातून मिळालेली दोन रकान्यांची यादी, डावीकडे स्पॅनिश आणि उजवीकडे इंग्रजी, प्रत्येकाच्या टेबलावर होती. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ त्या यादीत होते. यादीतले शब्द चुकीचे होते असे नाही, बरेचसे बरोबरच होते.

ठिणगी पडली ती एका पत्रावरून. नवीन लाइन बसवण्यासाठी एक स्पॅनिश इंजिनिअर दीड वर्षासाठी चाकणला येणार होता. त्याच्या कागदपत्रांसाठी स्पेनहून पत्र आले. त्यात लिहिले होते की हे गृहस्थ कंपनीत ‘फिक्स्ड कॉन्ट्रॅक्ट’वर आहेत. चाकणच्या एचआर मॅनेजरनी सरळ विचारले, कंत्राट संपते कधी? आपल्याकडे ‘फिक्स्ड टर्म’ म्हणजे ठराविक मुदतीची नोकरी, तेव्हा शेवटची तारीख हवीच. स्पेनहून उत्तर आले: तारीख नाही, कंत्राट ‘इन्डेफिनिट’ आहे. चाकणला त्याचा अर्थ लागला ‘अजून ठरलेले नाही’. कागद रिकामा ठेवता येईना, म्हणून त्यांनी चाकणच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस हाच नोकरीचा शेवटचा दिवस म्हणून टाकला आणि मसुदा परत पाठवला. तो इंजिनिअरच्या हाती पडला. त्याने आपल्या साहेबांना विचारले, मला काढायचे ठरले आहे का?

चाकणच्या मॅनेजरचा मला फोन आला. “अहो सर, हा माणूस कायम आहे का टेम्पररी, तेवढं एकदा त्यांना विचारून सांगा.”

तो कायमच होता. स्पॅनिशमध्ये ‘कोन्त्रातो फीखो’ आणि ‘कोन्त्रातो इन्देफिनीदो’ दोन्ही कायम नोकरीलाच म्हणतात. नोकरीला शेवटची तारीख नाही म्हणून ती इन्देफिनीदो, आणि माणूस जागेवर पक्का झाला म्हणून तो फीखो. इंग्रजीत नेले की ‘इन्देफिनीदो’ अनिश्चित होतो आणि ‘फीखो’ थेट उलटा. इंग्रजीत ठरलेली असते ती मुदत, स्पॅनिशमध्ये ठरलेली असते ती माणसाची जागा. यादीत ‘इन्देफिनीदो’समोर ‘पर्मनंट’ हा बरोबर शब्द होता. पण ‘फीखो’ यादीतच नव्हता, कारण ‘कोन्त्रातो फीखो’ हे बोलण्यातले नाव आहे. पत्र लिहिणाऱ्याने रोजच्या बोलण्यातला शब्द घेतला आणि त्याच्यासारखा दिसणारा इंग्रजी शब्द लिहून टाकला.

मॅनेजरच्या फोनमधला ‘कायम’ हा शब्द मला पुढे फार उपयोगी पडला. स्पेनमध्ये माणूस घरी येऊन सांगतो, मला फीखो केले. आपल्याकडे औद्योगिक पट्ट्यात पोरगा घरी येऊन सांगतो, कायम झालो. दोन्हीकडे पेढे वाटण्याचा प्रसंग आहे आणि दोन्हीकडे त्यामागे तोच इतिहास आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांनुसार, बारा महिन्यांत २४० दिवसांची सलग सेवा भरली की तात्पुरता कामगार कायम होण्याचा हक्क मागत आला आहे. म्हणून तर २४० भरायच्या आत ‘ब्रेक’ देण्याची युक्ती निघाली. स्पेनमध्ये वर्षानुवर्षे छोटी छोटी कंत्राटे एकामागून एक जोडत नेण्याची पद्धत होती. डिसेंबर २०२१ च्या श्रम सुधारणेने ती आवळली. आता २४ महिन्यांच्या काळात १८ महिन्यांहून जास्त तात्पुरत्या कंत्राटांवर राबवले, तर माणूस फीखो ठरतो. मी वर्गात ‘ब्रेक’ची गोष्ट सांगितली तेव्हा विभागप्रमुख बाई हसल्या. हे इंग्रजी शिकवण्याची त्यांना गरजच पडली नाही.

त्याच सुधारणेने ‘फीखो दिस्कोन्तीनुओ’ हा प्रकार पुढे आणला. नोकरी कायम, पण काम हंगामापुरते. हंगाम आला की बोलावणे येते. बालेआरेस बेटांवरची हॉटेले, फळे पॅक करणारे कारखाने यांत असे लोक पुष्कळ. कुणीतरी याचे ‘डिसकंटिन्युअस फिक्स्ड’ असे शब्दशः इंग्रजी केले होते. ते वाचून चाकणला यंत्राचा काही प्रकार असावा असे वाटले असल्यास नवल नाही. मी सुचवले ‘पर्मनंट सीझनल’. चाकणच्या पगार विभागात एक सांगलीकडचे गृहस्थ होते. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या साखर कारखान्यातले हंगामी कायम!” अगदी तेच. फरक एवढाच की आपल्याकडे हंगामी कायमला बंद हंगामात कारखाना रिटेन्शन भत्ता देतो, तर स्पेनमध्ये त्या काळात कंपनी काही देत नाही, पात्र असेल तर तो सरकारी बेरोजगारी भत्ता घेतो.

इथे मला माझा धडा कसा घ्यायचा ते सापडले. शब्दासमोर शब्द लावायचा नाही. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे: नोकरी राहते की जाते, पैसे कोण देतो, आणि किती काळ. या तिन्हींची उत्तरे इंग्रजीत पूर्ण वाक्यांत सांगता आली की मग शब्द कुठलाही वापरा, समोरच्याची चूक होत नाही. ऐकायला हे साधे आहे. पण बी-टू प्रमाणपत्रवाल्या माणसाला ते पटवणे अवघड जाते, कारण त्याला शब्द माहीत असतो आणि वाक्य लिहिणे म्हणजे शब्द न येणाऱ्याचे काम वाटते.

हे पटले ते ‘ले-ऑफ’ने.

युरोपातल्या मोटार कारखान्यांचे काम चिपच्या तुटवड्यामुळे २०२१ मध्ये थांबत-थांबत चालले होते. या कंपनीनेही ‘एर्ते’ लावला होता. एर्ते म्हणजे कामगाराचा करार तात्पुरता स्थगित करणे किंवा त्याचे कामाचे तास कमी करणे. नोकरी जात नाही. त्या काळात कामगाराला बेरोजगारी भत्ता मिळतो, तो कंपनीकडून नाही, सेपे या सरकारी रोजगार सेवेकडून, पहिले सहा महिने, पगारावरून ठरणाऱ्या आधार रकमेच्या ७० टक्के. याच्या शेजारचा, एका अक्षराने कमी असलेला शब्द ‘एरे’. त्यात माणसे कायमची घरी जातात, सामूहिक कपात. नुकसानभरपाई नोकरीच्या प्रत्येक वर्षाला किमान २० दिवसांचा पगार, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. स्पेनमध्ये शाळेतल्या मुलालाही या दोन शब्दांतला फरक कळतो.

विभागाने त्यावेळी सगळ्यांना एकच इंग्रजी मेल पाठवली होती. त्यात लिहिले होते की एका शिफ्टवर ‘टेम्पोरल ले-ऑफ’ आहे. ‘टेम्पोरल’ ही चूक किरकोळ, स्पॅनिश ‘तेम्पोराल’ घुसला एवढेच. खरी गंमत पुढे आहे. मेल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचली गेली. चाकणच्या जुन्या एचआर मंडळींना ती बिनचूक समजली. भारतीय कायद्यात, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि नंतर २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही, ‘ले-ऑफ’ म्हणजे माल, कोळसा, वीज नाही म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नाही ती अवस्था. कामगार हजेरीपटावर राहतो. कायमचे कमी करण्याला तिथे वेगळा शब्द आहे, ‘रिट्रेंचमेंट’. म्हणजे एर्तेला भारतीय कायद्यातले इंग्रजी चपखल बसत होते. अमेरिकेतल्या ग्राहकाकडे मात्र ‘ले-ऑफ’ म्हणजे आज बोलीत सरसकट नोकरी गेली. त्याने चौकशी केली: माणसे काढली, तर आमचे सुटे भाग आता कोण बनवणार, आणि नवी भरती कधी? स्पेनमधल्या कोर्सच्या यादीतही अमेरिकन वळण होते, त्यामुळे ‘ले-ऑफ’समोर त्यांनी ‘देस्पीदो’, बडतर्फी, असे शिकले होते. तरीही एर्तेसाठी तोच शब्द वापरला गेला, कारण कुठल्याशा ऑनलाइन शब्दकोशाने तसा दिला होता.

आणि चाकणला शब्द कळला तरी गोष्ट पूर्ण कळली नव्हती. तिथून प्रश्न आला, ५० टक्के दिलेत का? आपल्याकडे ले-ऑफची भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी, आणि ती मालकाने द्यायची. स्पेनच्या बाजूला हा प्रश्नच समजेना. आम्ही का देऊ, सरकार देते! मेल लिहून झाल्यावर तीन प्रश्नांची तीन वाक्ये लिहिली असती, तर हा पत्रव्यवहार झालाच नसता. हे मी सांगायच्या आधी भरती पाहणारी तरुणी म्हणाली, आणि तिथून वर्ग सुरळीत चालला.

मग आम्ही यादी बाजूला ठेवली आणि कागद घेतले. नावे खोडलेली खरी पगारपत्रके, करार, नोकरी सोडतानाचे हिशेब. चाकणच्या पगार विभागातल्या एकाला वर्गात बसवले. हिवाळ्यात स्पेन आपल्याहून साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. आपल्या दुपारी चारला तिथे कॉफीची वेळ असते, ती वेळ दोघांनाही चालली. नियम असा की स्पेनमधल्या माणसाने आपले पगारपत्रक ओळीओळीने समजावून सांगायचे, आणि चाकणच्या माणसाने समाधान होईपर्यंत विचारत राहायचे. शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला लोक पाठ केलेले उत्तर देतात. खरोखर न समजलेल्या माणसाला तसे उत्तर देता येत नाही.

पगाराच्या कागदावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो योग्यच होता. स्पेनमध्ये वर्षाला सहसा १४ पगार मोजतात: बारा महिन्यांचे, आणि दोन ‘पागा एक्स्त्रा’, त्यातला एक नाताळाच्या सुमारास. काही कंपन्या ते दोन बारा भागांत वाटून देतात. त्यांनी मासिक पगार सांगितला की चाकणचा माणूस बाराने गुणायचा आणि वर्षाचा आकडा कमी काढायचा. उलट्या बाजूने तर मोठाच खड्डा होता. चाकणहून आकडा येई सीटीसीचा, म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’चा. स्पेनमध्ये त्याला ‘ब्रुतो आनुआल’, म्हणजे वार्षिक ढोबळ पगार, समजले जाई. पण सीटीसीत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटाही धरलेला असतो, अनेकदा ग्रॅच्युइटीही. स्पॅनिश ब्रुतोमध्ये मालकाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी नसते, आणि ती लहान नाही; नुसत्या सर्वसाधारण जोखमींच्या खात्याला मालक २३.६० टक्के भरतो, कामगाराच्या पगारातून ४.७० कापतात. म्हणजे दोन पगारांची तुलना करताना एक बाजू कायम फुगलेली. सीटीसीला स्पॅनिशमध्ये अचूक शब्द आहे, ‘कोस्ते एम्प्रेसा’, कंपनीला पडणारा खर्च. तो पगार पाहणाऱ्या दोघांच्या रोजच्या वापरातला. भरतीवालीला तो ठाऊक होता, पण उमेदवाराशी बोलताना कधी वापरायचा नसतो. आपल्याकडे उमेदवारच आधी सीटीसी विचारतो आणि मग हळूच ‘इन-हँड किती?’. हा शिष्टाचाराचा फरक कुठल्या यादीत सापडणार?

नोकरी सोडतानाच्या हिशेबावर यादी अक्षरशः चुकली होती. ‘फिनिकीतो’समोर तिने ‘सेव्हरन्स पे’ लिहिले होते. त्यामुळे एका मेलमध्ये ‘अमक्याने राजीनामा दिला आणि आम्ही त्याला सेव्हरन्स दिला’ असे गेले, आणि चाकणहून विचारणा झाली की स्वतःहून गेलेल्याला भरपाई कशाची? फिनिकीतो म्हणजे राहिलेल्या दिवसांचा पगार, न घेतलेली रजा, पागा एक्स्त्राचा तोवरचा हिस्सा. राजीनामा दिला तरी तो मिळतो. भरपाई ही वेगळी गोष्ट, ‘इन्देम्निथाथिओन’. कोर्टाने बडतर्फी अयोग्य ठरवली तर ती वर्षाला ३३ दिवस, कमाल २४ महिने. १२ फेब्रुवारी २०१२ पूर्वीच्या नोकरीच्या काळासाठी ४५ दिवस. इथे भारतीय इंग्रजीने पुन्हा हात दिला. ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ हा आपल्या एचआरच्या तोंडातला शब्द फिनिकीतोशी जवळजवळ मापात बसतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्रजीत एवढा नेमका शब्द मला तरी माहीत नाही. भाषा-संस्थांनी भारतीय इंग्रजीकडे जरा कमी नाक मुरडावे असे मला त्या दिवशी वाटले, आणि ते मत अजून आहे. ‘ग्रॅच्युइटी’ने मात्र थोडी करमणूक झाली: त्यांच्या शब्दकोशात त्याचा अर्थ होता वेटरची टीप. पाच वर्षे नोकरी केली की वर्षाला १५ दिवसांचे वेतन टीप म्हणून?

चाकणकडून नवीन माणसाला मागितली जाणारी ‘रिलिव्हिंग लेटर’ आणि ‘एक्सपिरिअन्स लेटर’ स्पेनमध्ये कुणाला समजेनात. तिथे जुन्या मालकाच्या दारात जावे लागत नाही. सामाजिक सुरक्षेच्या सरकारी खात्याकडून ‘बीदा लाबोराल’ मिळते: कुठल्या कंपनीत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असा आयुष्यभराचा उतारा, घरबसल्या. चाकणचा माणूस हे ऐकून जरा गप्प झाला. जुन्या कंपनीने रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवल्याचे अनुभव आपल्याकडे पुष्कळांना असतात.

बाकीचे घोळ लवकर सुटले. ‘बाखा’ हा शब्द आजारपणाच्या रजेलाही लागतो, राजीनाम्यालाही आणि कंपनी सोडून गेलेल्यांच्या आकड्यालाही. महिन्याच्या तक्त्यात त्याचे ‘लीव्ह’ झाले होते, त्यामुळे सोडून गेलेले लोक चाकणला सुट्टीवर वाटत होते. ‘असिस्तीर’ म्हणजे हजर राहणे, तर प्रशिक्षणाला अख्खी शिफ्ट ‘असिस्ट’ करून आली. ‘फोर्माथिओन’चे ‘फॉर्मेशन’. ‘रेत्रिबूथिओन’, म्हणजे मोबदला, याचे ‘रेट्रिब्यूशन पॉलिसी’ असे शीर्षक एका फाइलवर होते, म्हणजे सूड घेण्याचे धोरण. ते मी लगेच बदलायला लावले. ‘स्टाफ्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ या चुकांना मात्र चाकणकडून दाद मिळाली, कारण तिथेही तेच बोलतात. त्यावर मी वेळ घालवला नाही. अर्थ पोचत होता.

शेवटी नवी यादी तयार झाली. तिच्यात डावीकडे स्पॅनिश शब्द आहे, उजवीकडे दोन-तीन इंग्रजी वाक्ये, आणि जिथे लागू आहे तिथे भारत, ब्रिटन आणि अमेरिका यांचे शब्द वेगवेगळे. एर्तेसमोर ‘ले-ऑफ’ फक्त भारताच्या खाली आहे. ग्राहकाला जाणाऱ्या मेलमध्ये तो शब्द वापरायचा नाही, ‘टेम्पररी सस्पेन्शन’ लिहायचे आणि पुढे ‘नोकरी कायम राहते’ हे वाक्य जोडायचे, असे ठरले. परदेशी पाठवायच्या माणसाच्या पत्राचा नमुना नव्याने लिहिला. त्यात नोकरीचा प्रकार, मुक्कामाची मुदत आणि परत आल्यावरची जागा अशी तीन स्वतंत्र वाक्ये आहेत. इंजिनिअरची कागदपत्रे दुरुस्त होऊन तो आला, लाइन बसवून गेला.

एक शब्द मात्र अडून आहे: ‘कोनबेनिओ’. स्पेनमध्ये धातू उद्योगाचा प्रांतवार सामूहिक करार असतो. कंपनीत युनियन असो वा नसो, कामगार सभासद असो वा नसो, त्यातले किमान पगार आणि कामाचे तास त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना लागू. त्यांनी ‘अ‍ॅग्रीमेंट’ लिहिले की चाकणच्या मंडळींसमोर येतो तो आपला वेतनवाढ करार, ठराविक वर्षांनी कारखान्यातल्या युनियनशी होणारा, आणि पहिला प्रश्न असतो की तुमच्याकडे सही कोणत्या युनियनने केली. ‘कलेक्टिव्ह’ जोडून पाहिले, ‘सेक्टोरल’ही जोडून पाहिले, प्रश्न तोच राहिला. सध्या पत्रात ‘कोनबेनिओ’ हाच शब्द ठेवून खाली दोन वाक्यांचा खुलासा देतात. त्यातले पहिले वाक्य दोन्ही बाजूंना मान्य आहे. दुसऱ्यावर, म्हणजे हा करार कंपनीला नको असला तर ती बाहेर पडू शकते का आणि कोणत्या अटींवर, यावर स्पेनमधल्या त्यांच्या वकिलाचा हात अजून फिरायचा आहे.